गोरेगावचं पोर कुठल्या मुंबईचं?

गोरेगावच्या मोतीलाल नगरात राहणारा तेरा वर्षांचा मुलगा क्रिकेट खेळत असेल, तर तो 'मुंबई'चा. त्याच्याच गल्लीतली त्याची चुलतबहीण कबड्डी खेळत असेल, तर ती 'मुंबई'ची नव्हे, 'मुंबई उपनगर'ची. खो-खोलाही तेच. हॉकीची काठी हातात घेतली, तर मात्र पोर पुन्हा 'मुंबई'चं, कारण मुंबईच्या हॉकीचा कारभार चर्चगेटच्या स्टेडियममधून चालत आला आणि त्याला खाडीबिडी ठाऊक नव्हती. पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईकडून रणजी खेळतो. म्हणजे क्रिकेटच्या नकाशात पालघर मुंबईत, आणि कबड्डीच्या नकाशात गोरेगाव मुंबईबाहेर!

हे संघटनांचं राजकारण आहे असं म्हणून बहुतेक लोक विषय सोडून देतात. राजकारण आहेच, पण कबड्डीतली 'मुंबई शहर' आणि 'मुंबई उपनगर' यांच्यामधली रेघ नकाशावर बोटाने गिरवून पाहा. बोट माहीमच्या खाडीवरून फिरतं आणि शीवकडे वळतं. माहीमचं पोर शहराचं, वांद्र्याचं उपनगराचं. शीवचं शहराचं, कुर्ल्याचं उपनगराचं. ही रेघ कबड्डीवाल्यांनी आखलेली नाही, महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा खात्यानेही आखलेली नाही. माझं म्हणणं असं, की ही रेघ एका लग्नाच्या याद्यांतून आलेली आहे.

ते लग्न सर्वांना ठाऊक आहे. २३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला आणि मुंबई आंदण गेली. शाळेत इतकंच शिकवतात. आंदणात नेमकं काय दिलं यावरून दोन्ही व्याह्यांत पुढे किती जुंपली, ते शिकवत नाहीत. १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजांचं आरमार ताबा घ्यायला आलं, तेव्हा आपल्याला खाडीपलीकडचं साष्टी बेटही मिळालं आहे अशी त्यांची समजूत होती. पोर्तुगीज म्हणाले, साष्टी नाही, फक्त मुंबई बेट. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहत पाहत १६६४ मध्ये मेला. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ ला त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने जे मिळालं ते पदरात पाडून घेतलं आणि माहीमवरही हात मारला. भांडण मिटलं नाही, पण रेघ तिथे थांबली. खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्र्यापासून वरपर्यंत पोर्तुगीज. गोरेगाव, म्हणजे तेव्हाचं पहाडी आणि आसपासची गावं, पलीकडे राहिली.

इथे जाणकार वाचक म्हणेल, की ही रेघ तर पुढे पुसली गेली. खरं आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी मराठ्यांकडून बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. दोन्ही तीरांवर एकच धनी झाला. मग रेघ उरायचं कारण काय?

कारण शेतसारा. सत्ता बदलली तरी महसुलाचं दप्तर सहसा बदलत नाही. मुंबई बेटाची जमीन फजंदारी, फोरास अशा तिथल्याच धाऱ्यांनी बांधलेली, तर साष्टीत खोती आणि गावकी. बेटाचा कलेक्टर वेगळा, साष्टी ठाण्याच्या कलेक्टराकडे. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे बांधून झाला, लेडी जमशेटजींनी पदरचे दीड लाखावर रुपये घातले. १८६७ मध्ये विरारहून लोकल धावू लागली. माणसं खाडी ओलांडत राहिली, दप्तर जिथल्या तिथे. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यातून काढला, तेव्हाही तो मुंबईला जोडला नाही. 'मुंबई उपनगर जिल्हा' असा तिसराच जिल्हा केला आणि त्याचं ठाणं नेलं वांद्र्याला, खाडीच्या पलीकडच्या पहिल्या पायरीवर.

म्हणून 'नैसर्गिक सीमा आहे, खाडी आहे, त्यात काय एवढं' हा युक्तिवाद मला पटत नाही. खाडीच कारण असती, तर मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये कुठली खाडी आहे? तिथे जकात नाका होता एवढंच. तरी मुलुंडचं पोर उपनगराचं आणि नाक्यापलीकडचं ठाण्याचं. पोरांच्या संघांच्या सीमा पाण्याने ठरत नाहीत, सातबाऱ्याने ठरतात. गोरेगावच्या जुन्या इमारतींच्या कागदांवर आजही 'मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली' असं लिहिलेलं असतं. मुलीचा कबड्डीचा जिल्हा त्याच ओळीत लपलेला आहे.

आता प्रतिस्पर्धी मत. क्रीडा-इतिहासाचे अभ्यासक म्हणतील, की राहत्या जागेवरून संघ ठरवायची कल्पना शुद्ध इंग्रजी आहे. १८७३ मध्ये इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटने नियम केला, की खेळाडूने एका हंगामात एकाच काउंटीकडून खेळावं. ती काउंटी जन्माची असावी, नाहीतर दोन वर्षांच्या वास्तव्याची. त्याआधी चांगला गोलंदाज आज इथे, उद्या तिथे असे. तिथूनच हा नियम आपल्याकडे आला, असं हे मत.

अर्धं मान्य. नियमाचा सांगाडा इंग्रजीच आहे. पण तो इथे सरळ उतरला असता, तर मुंबईत त्याचा पहिला अवतार पत्त्याचा असता. तसं झालं नाही. मुंबईत तुम्ही कोणाकडून खेळायचं हे तुम्ही राहता कुठे यावरून नव्हे, तुम्ही कोण यावरून ठरत होतं. क्रिकेटची १९०७ ची तिरंगी, १९१२ ची चौरंगी, १९३७ ची पंचरंगी स्पर्धा: आधी हिंदू, पारशी, युरोपियन, मग मुसलमान आणि शेवटी उरलेले. गिरगावचा हिंदू आणि विलेपार्ल्याचा हिंदू एकाच संघात, शेजारचा पारशी दुसऱ्या संघात. पत्ता कोणी विचारला नाही. १९३४ मध्ये रणजी करंडक आला आणि प्रांताचा हिशोब सुरू झाला. पंचरंगी १९४६ पर्यंत तग धरून बंद पडली. जातीधर्माच्या जागी पत्ता बसवण्यात माझ्या मते मोठं शहाणपण होतं. पण पत्ता म्हणजे कुठला नकाशा, हा प्रश्न आला तेव्हा नवा नकाशा कोणी काढला नाही. हाताशी जो होता तोच उचलला.

रणजीतच पाहा ना. एकाच महाराष्ट्राचे तीन संघ का? विदर्भ १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताकडे आणि मग मध्य प्रदेशाकडे होता म्हणून विदर्भ वेगळा. गुजरातेत बडोदा आणि सौराष्ट्र वेगळे, कारण तिथे संस्थानं होती. होळकरांचा संघ होता, नवानगरने १९३६-३७ चा करंडक जिंकला होता. राज्यं बुडाली, संघ राहिले. भारतीय क्रिकेट मंडळाच्या कारभारावरच्या लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये ते उचलून धरलं, तेव्हा मुंबई आणि विदर्भ दोघांनीही असा आकांत मांडला की ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने तिन्ही संघटनांना मतं परत दिली. खेळाच्या संघटना म्हणजे बुडालेल्या नकाशांचं संग्रहालय आहे. मग कबड्डीच्या संग्रहालयात १६६५ चा नकाशा सापडला, तर नवल कसलं?

क्रिकेटची मुंबई खाडीपाशी का थांबली नाही, याचंही उत्तर यातच आहे. १९३० ची मुंबई क्रिकेट संघटना जिल्ह्यांची नव्हे, क्लबांची आणि मैदानांची. तिची हद्द लोकलच्या फलाटांबरोबर वाढली. कबड्डी आणि खो-खो मात्र जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी पायरी-पायरीने बांधलेली. जिथे पायरीचं नाव 'जिल्हा' आहे, तिथे कलेक्टर आला आणि कलेक्टराबरोबर साष्टी आली.

शालेय स्पर्धांत तर आणखी गंमत. तिथे घराचा पत्ता बघतच नाहीत, शाळेचा बघतात. प्रवेशिकेवर जनरल रजिस्टरचा नंबर, जन्मतारीख, चिकटवलेला फोटो, आणि अर्धा फोटोवर अर्धा कागदावर येईल असा मुख्याध्यापकांचा गोल शिक्का. शिक्का वांद्र्याच्या शाळेचा असेल तर उपनगर, दादरच्या शाळेचा असेल तर शहर. त्यामुळे गोरेगावची एखादी मुलगी दादरच्या शाळेत जात असेल, तर शालेय कबड्डीत ती 'मुंबई शहर' आणि संघटनेच्या निवड चाचणीत 'मुंबई उपनगर'. चाचणीच्या दिवशी ती आधार कार्डाची झेरॉक्स, जन्माचा दाखला आणि बोनाफाईड घेऊन रांगेत उभी असते, वजनकाट्यावर भरू नये म्हणून सकाळपासून पाणीही प्यायलेली नसते, आणि टेबलामागचे सर विचारतात, "कुठल्या मंडळाची गं तू?" पत्ता त्याच्यानंतर. मंडळ ज्या जिल्ह्यात नोंदलेलं तो तिचा जिल्हा, आणि तो बदलायचा तर ना-हरकत पत्र. दहावीचे वाढीव क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण अशाच प्रमाणपत्रांवर मिळतं, तेव्हा कागदाला एवढी धार येणारच.

शाळेचा पत्ता धरायची ही पद्धत मला फार आपली वाटते, आणि त्यासाठी कॅनडाकडे बघावं लागतं. तिथल्या पोरांच्या बर्फावरच्या हॉकीत नियम कडक: मूल कुठे खेळणार, हे आई-बाप कुठे राहतात त्यावरून ठरतं. वेन ग्रेट्स्की चौदा वर्षांचा असताना, १९७५ मध्ये, ब्रॅण्टफर्ड सोडून टोरांटोत खेळायला गेला, तर हॉकी संघटनेने हरकत घेतली, कारण आई-बाप ब्रॅण्टफर्डलाच होते. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि अखेर तो टोरांटोच्या ज्युनियर 'बी' संघातून खेळला.

हा नियम आपल्याकडे लावला असता, तर रोहित शर्माचं काय झालं असतं? आई-वडील डोंबिवलीला एका खोलीत, आणि पोरगा बोरिवलीला आजोबा-काकांकडे. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्याच स्वामी विवेकानंद शाळेत घातलं. शार्दूल ठाकूर पालघरहून येऊन लाडांच्याच घरी राहिला. पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याच्या रिझवी शाळेत जायचा. सचिन वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला, तोही आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, म्हणजे आमच्या रेघेच्या पलीकडून अलीकडे. ज्या प्रदेशात निम्मं कोकण मामाकडे नाहीतर काकाकडे राहून शिकलं, तिथे 'पालकांचा पत्ता' हा निकष टिकलाच नसता. इथे पोराचा पत्ता म्हणजे त्याची शाळा. हा माझा अंदाज आहे, पण तो मी पैजेवर मांडायला तयार आहे.

माझ्या मतातली सर्वांत कच्ची जागा गोरेगावच आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. १९५० मध्ये महापालिकेची हद्द वाढली ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत. गोरेगाव बाहेर! १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत हद्द गेली तेव्हा ते आत आलं. मधल्या सात वर्षांत मुंबईची वेस जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये होती आणि इकडे ग्रामपंचायत चालत होती. मुंबईभर गाजण्याआधी मृणाल गोरे त्याच ग्रामपंचायतीत काम करत होत्या. पुढे बृहन्मुंबई हा एकच जिल्हा झाला. म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ कुलाब्यापासून दहिसरपर्यंत सरकारी कागदावर रेघच नव्हती. १ ऑक्टोबर १९९० ला मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला, आणि रेघ परत आली ती बरोब्बर माहीमच्या खाडीवर. जोगेश्वरीची सात वर्षांची वेस कोणाला आठवलीही नाही. राज्य कबड्डीत अलीकडे मोठ्या जिल्ह्यांचे दोन-दोन संघ होऊ लागले, त्यात उपनगराचेही पूर्व आणि पश्चिम झाले. नवी रेघ रेल्वेरुळांची, पण जुनी खाडी तशीच.

विरोधक म्हणतील, की मग हा नियम १९९० चा, १६६१ चा नव्हे. मधल्या तीस वर्षांनी धागा तोडला. यावर पुरावा एकच चालेल. १९५७ ते १९९० या काळात गोरेगाव, मालाड, कांदिवलीकडची जी मुलं-मुली कबड्डी, खो-खो, लंगडी खेळली, त्यांच्या घरात ट्रंकेच्या तळाशी प्रमाणपत्रं असतील. सरकारी जिल्हा अस्तित्वात नसताना त्यांवर 'मुंबई उपनगर' असं छापलेलं असेल, तर रेघ दप्तरात मेली तरी मैदानात जिवंत होती, आणि माझं म्हणणं उभं राहतं. नुसतं 'मुंबई' किंवा 'बृहन्मुंबई' असेल, तर मी हरलो. तुमच्याकडे असा कागद असेल, तर त्यावरचं साल आणि जिल्ह्याचं नाव तेवढं कळवा.