दौलताबादचा किल्ला : मराठे व निजाम (1760–1796)

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस यादवांच्या देवगिरीचा हा डोंगरी किल्ला. खोल खंदक, तासलेले कडे आणि अंधारी वाट यांमुळे तो दुर्भेद्य मानला जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पेशवे व हैदराबादचा निजाम यांच्या तहांत कळीचा मुद्दा ठरला.

3 फेब्रुवारी 1760 रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. तहात मराठ्यांना दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर ही ठाणी आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख मिळाला. पानिपतच्या लढाईनंतरच्या काळात दौलताबाद पुन्हा निजामाकडे गेला.

11 मार्च 1795 रोजी खर्डा येथे सवाई माधवराव पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले आदी सरदार निजामाविरुद्ध एकवटले. निजाम अली खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला. तहानुसार त्याने दौलताबाद, मोठा मुलूख व खंडणी कबूल केली. त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्कही मराठ्यांच्या स्वाधीन झाला.

ऑक्टोबर 1795 मध्ये पेशव्यांच्या मृत्यूनंतर पुण्यात वारसाहक्काचा कलह पेटला. निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी 1796 मध्ये महाड येथे पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांनी खर्ड्याच्या तहात मिळालेला मुलूख परत देण्याचे मान्य केले. रणांगणावरील मोठे यश असे घरच्या दुहीपायी गमावले. एकोणिसाव्या शतकात दौलताबाद हैदराबाद संस्थानात होता.