रोमची ऑरेलिया आणि कल्याणची यमुना

हल्ली मुलीचे नाव ठरविणे हे तिचे लग्न ठरविण्याइतकेच जिकिरीचे काम झाले आहे. आपल्या आयांच्या वेळी आत्याबाईंनी पाळण्याशी येऊन कुर्रर्र करावे, कानात नाव सांगावे आणि घुगऱ्या वाटाव्यात, की झाले. आता नाव असे हवे की शाळेच्या पटावर दुसरे सापडू नये. आपल्या मंडळातील एका भगिनीच्या घरी नातीसाठी ‘ऑरेलिया’ हे प्राचीन रोममधील नाव जवळजवळ मुक्रर झाले आहे. आईबापांना ते भारी आवडले आहे, आजीची जीभ मात्र अडखळते. या निमित्ताने त्या नावाच्या इतिहासात थोडे डोकावावे असे वाटले.

ऑरेलिया हे नाव सामान्य घरचे नव्हे. प्रख्यात ज्युलियस सीझरची आई ऑरेलिया. पण मौज अशी की ते तिचे एकटीचे नाव नव्हतेच. रोममध्ये मुलाला स्वतःचे एक नाव असे व त्यापुढे कुळाचे नाव लागे. मुलीला मात्र बहुधा बापाच्या कुळाचेच नाव स्त्रीलिंगी करून देत. ऑरेलियस कुळातील ती ऑरेलिया, कॉर्नेलियस कुळातील ती कॉर्नेलिया. आपल्याकडे गोखल्यांच्या मुलीचे नाव ‘गोखली’ ठेवावे, आणि तिच्या पाठच्या बहिणीचेही ‘गोखली’च ठेवावे, तसा हा प्रकार! सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया आणि लेकही ज्युलिया. त्या घरात एक हाक मारली की किती जणी ओ देत असतील, देव जाणे. मग एकीला थोरली, दुसरीला धाकटी म्हणायचे. कोणा मुलीला ‘टर्शिया’, म्हणजे चक्क ‘तिसरी’, म्हणून ओळखत. बारसे त्यांच्याकडेही असे. मुलीचे आठव्या दिवशी आणि मुलाचे नवव्या. तेव्हा आज डोंबिवलीत जे नाव दुर्मिळ वाटते, ते रोमला त्या कुळातील झाडून साऱ्या मुलींचे होते.

त्या नावाचा एक गुण मात्र सांगितलाच पाहिजे. ते लग्नात बदलत नसे. ऑरेलिया ज्युलियस कुळात सून म्हणून आली, तरी शेवटपर्यंत ऑरेलियाच राहिली. सीझरची शेवटची बायको कॅल्पर्निया, तीही कॅल्पर्नियाच. हे लक्षात असू द्यावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

रोमचे नाव आपल्या खाडीला अगदीच परके म्हणावे, तर तसेही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्त रोमच्या ताब्यात असताना, तिकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रमार्गाची वही लिहिली. तीत आपले कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून आले आहे. ही पूर्वी राजमान्य पेठ होती. पुढे सत्ता पालटली आणि येथे येऊन लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. पुढे १५३४ नंतर वसई-ठाण्याकडे पोर्तुगीज अंमल आला आणि ख्रिस्ती संतांची नावेही आली. आपल्या एखाद्या ख्रिस्ती शेजारणीचे सिसिलिया हे नाव मूळचे रोमच्या केसिलियस कुळाचे. आणि प्रत्येकीच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर जो जुलै महिना आहे, तो सीझरच्याच नावाचा.

आता याच काळाच्या आगेमागे आपल्याकडे बायकांची नावे कशी होती ते पाहू. कल्याणहून मुरबाडवरून वर गेले की नाणेघाट लागतो. तेथील लेण्यात सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. पुतळे गेले, पण वरची नावे राहिली, आणि त्यांत राणी नायनिका आहे. आपण तिला नागनिका म्हणतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दुसऱ्या शतकातील एक मोठा लेख आहे. तो गौतमी बलश्रीचा. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने तेथे भिक्षूंसाठी लेणे दिले. त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. गौतमी हे तिचे गोत्रावरून आलेले नाव, म्हणजे रोमच्या ऑरेलियासारखेच. पण बलश्री हे तिचे स्वतःचे. रोममध्ये जे मुलीला सहसा मिळत नसे, ते येथे दगडात कोरलेले आहे. शिवाय तिचा पराक्रमी मुलगा इतिहासात आईच्या नावाने ओळखला जातो: गौतमीपुत्र सातकर्णी.

बेडसे येथील लेण्यांत पाण्याच्या टाक्यावर आणखी एक नाव आहे, सामदिनिका. महाभोजाची लेक, महारठ्याच्या घरची. तिने पांथस्थाला आणि भिक्षूला पाणी मिळावे म्हणून टाके दिले. सुमारे दोन हजार वर्षांचे हे नाव आज कोणत्याही पाळण्यात ऐकू येत नाही. दुर्मिळच हवे असेल तर याहून दुर्मिळ कोठे मिळणार? आणि आजीची जीभही वळेल.

मग ही स्वतःची नावे गेली कोठे? त्यासाठी लेण्यांत जायला नको. कल्याणच्याच एका मुलीची हकीकत पुरे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली, कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेली यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी मिळवून डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात वारली. जगाला ठाऊक आहे ती आनंदीबाई. शुक्रावरील एका विवराला नाव मिळाले तेही ‘जोशी’. आईने जिला हाक मारली ती यमुना फक्त चरित्रांच्या पहिल्या पानावर उरली आहे. योगायोग असा की सेवासदनाच्या रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहायचे, मग सगळ्यांनी हसायचे. त्या हसण्यात जुने नाव कधी पुसले गेले ते कळतही नसे. माझ्या वयाच्या कित्येक जणींना माहेरच्या नावाने हाक मारणारे आता कोणी राहिलेले नाही.

नाव पुसण्याचा याहून कठोर प्रकारही आपण केला आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशी’. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. रोमची ‘तिसरी’ निदान नुसती मोजदाद होती.

म्हणून ऑरेलियाला माझा विरोध नाही. नाव परदेशातले आहे की लेण्यातले, हा भांडणाचा मुद्दाच नव्हे. सुनेला मी एवढेच विचारीन की, पंचवीस वर्षांनी तांदळाचे ताट पुढे आले तर तू काय करशील? कायद्याने नाव बदलण्याची सक्ती कोणावरही नाही, हे पुष्कळ घरांत अजून ठाऊक नसते.

बाकी सरकारने एक पाऊल टाकलेच आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आता बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. गौतमीपुत्राला यात नवल वाटले नसते. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत महापालिकेत करावी. नाव ठरले नसेल तरी नोंद होते, आणि पहिल्या वर्षात ते विनाशुल्क घालता येते. तेव्हा बाराव्या दिवशी आजी आणि सूनबाई यांचे एकमत झाले नाही, तरी घुगऱ्या खुशाल वाटाव्यात.