हळदीकुंकू, मोनार्क आणि हरवलेला हिवाळा

परसबागेत, ओढ्याकाठी किंवा ओलसर पडीक जागेत लाल-पिवळ्या फुलांचे, कमरेइतके वाढणारे एक झुडूप आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पाकळ्या शेंदरी-लाल आणि मधला मुकुट पिवळा, म्हणून मराठीत त्याला हळदीकुंकू म्हणतात. पान तोडले की पांढरा चीक येतो आणि शेंग उकलली की रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात. नाव इतके घरगुती असले तरी हे झाड मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. शोभेचे झाड म्हणून ते जगभर पसरले. लिनिअसने १७५३ मध्ये त्याला 'अ‍ॅस्क्लेपिअस कुरासाव्हिका' असे नाव दिले. यातला पहिला शब्द ग्रीकांच्या वैद्यकदेवतेवरून आला आहे, तर दुसरा कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावरून. इंग्रजीत या गटाच्या वनस्पतींना 'मिल्कवीड', म्हणजे दुधी चिकाचे तण म्हणतात.

या साध्या झुडपाने उत्तर अमेरिकेत एक मोठा प्रश्न उभा केला. त्याचा इतिहास शिक्षकांना विशेष जवळचा वाटेल, कारण त्यात शास्त्रज्ञांइतकाच वाटा शाळेतल्या मुलांचा आणि हौशी निरीक्षकांचा आहे.

चिकातले विष

मोनार्क या नारिंगी-काळ्या फुलपाखराची मादी मिल्कवीडच्या निरनिराळ्या जातींवरच अंडी घालते. अळी ती पाने खाते, पानांतील हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये शरीरात साठवते आणि पुढे ती फुलपाखरातही उतरतात. लिंकन ब्राउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात यासंबंधी एक सुंदर प्रयोग केला. हळदीकुंकवाच्या पानांवर वाढवलेली मोनार्क फुलपाखरे त्यांनी ब्लू जे या पक्ष्यांना खायला दिली. पक्ष्यांना उलट्या झाल्या आणि नंतर ते मोनार्कला तोंड लावीनासे झाले. मोठ्या प्रयासाने कोबीवर वाढवलेली फुलपाखरे मात्र पक्ष्यांनी बिनदिक्कत खाल्ली. म्हणजे विष फुलपाखराचे स्वतःचे नव्हते, ते झाडाकडून आले होते.

पंखावरचा पत्ता

दुसरे कोडे अधिक जुने होते. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील मिल्कवीड थंडीत जमिनीलगत सुकून जाते. त्याआधीच मोनार्क फुलपाखरे दक्षिणेकडे निघतात. ती जातात कोठे? टोरांटो विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी फुलपाखरांच्या पंखांवर चिमुकल्या चिठ्ठ्या चिकटवून याचा माग काढायचे ठरवले. पहिल्या चिठ्ठ्या पावसात गळून पडल्या. मग दुकानातील किमतीच्या लेबलांसारख्या, दाबताच चिकटणाऱ्या चिठ्ठ्या वापरण्यात आल्या. १९५२ मध्ये नोरा यांनी एका लेखातून लोकांना मदतीचे आवाहन केले. आरंभी मोजकेच लोक पुढे आले, पुढे त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

अखेर जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रुगर आणि कातालिना आग्वादो या स्वयंसेवक जोडप्याला मेक्सिकोच्या डोंगरात, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, फर वृक्षांना लगडलेली कोट्यवधी मोनार्क सापडली. फुलपाखरे दर वर्षी येतात हे तिथल्या गावकऱ्यांना ठाऊकच होते. ती कोठून येतात हे आता जगाला कळणार होते. जानेवारी १९७६ मध्ये अर्कहार्ट स्वतः तेथे गेले, तेव्हा त्यांना एका फुलपाखराच्या पंखावर चिठ्ठी आढळली. मिनेसोटा राज्यातील चास्का या गावी १९७५ च्या ऑगस्टमध्ये एक शिक्षक आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ती लावली होती. ते फुलपाखरू सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर उडून आले होते. उत्तरेतला उन्हाळा आणि मेक्सिकोतला हिवाळा यांना जोडणारा हा निर्विवाद पुरावा होता.

बागेत लावलेले प्रेम

पुढे मोनार्कची संख्या घटू लागली. मेक्सिकोत फुलपाखरांनी व्यापलेल्या जंगलाचे क्षेत्र १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरांहून अधिक होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आले. जंगलतोड आणि हवामान ही कारणे होतीच. शिवाय १९९६ पासून तणनाशकाला दाद न देणारी सोयाबीन व मक्याची वाणे आली आणि शेतांतले मिल्कवीड तणनाशकाने मरू लागले. एका अभ्यासानुसार अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील मिल्कवीड १९९९ ते २०१० या काळात ५८ टक्क्यांनी घटले.

साहजिकच 'मिल्कवीड लावा' अशी हाक दिली गेली आणि लोकांनी तिला मनापासून प्रतिसाद दिला. पण स्थानिक जातींचे बी थंडीत ठेवल्याशिवाय सहसा रुजत नाही आणि रोपाला फूल यायला वेळ लागतो. हळदीकुंकू मात्र चटकन उगवते, कुंडीतही वाढते, महिनोन्‌महिने फुलते आणि फुलपाखरांना आवडते. रोपवाटिकांनी ते भरपूर विकले. फ्लोरिडा, टेक्सास अशा उबदार राज्यांत ते हिवाळाभर हिरवे राहू लागले. अडचण नेमकी येथेच होती.

हिवाळ्याचे काम

मोनार्कच्या शरीरावर एक एकपेशीय परजीवी आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव लांबलचक असल्याने अभ्यासक त्याला 'ओई' म्हणतात. १९७० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. रोगट मादी अंडी घालताना त्याचे बीजाणू पानांवर सांडतात. अळी ते पानाबरोबर खाते, परजीवी तिच्या शरीरात वाढतो आणि कोशातून बाहेर पडणारे फुलपाखरू बीजाणूंनी माखलेले, बहुधा दुबळे असते.

निसर्गात या रोगाला दोन आळे बसतात. पहिला असा, की थंडीत मिल्कवीड सुकते आणि बीजाणू लागलेली पाने नाहीशी होतात. वसंतात येणारी पालवी स्वच्छ असते. दुसरा असा, की लांबच्या प्रवासात दुबळी फुलपाखरे मागे पडतात आणि मेक्सिकोला पोचणाऱ्यांत निरोगींचे प्रमाण वाढते. बारमाही हिरव्या झुडपाने हे दोन्ही आळे सैल केले. हिवाळ्यातही अंडी घालायला जागा मिळाल्याने काही फुलपाखरे पुढे जाईनाशी झाली आणि त्याच त्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्या बीजाणू साचत गेले.

हे समजले कसे? जॉर्जिया विद्यापीठातील सोनिया आल्टिझर यांच्या गटाने नागरिकांनाच कामाला लावले. फुलपाखरू हलकेच धरायचे, त्याच्या पोटाला पारदर्शक चिकटपट्टी टेकवायची, फुलपाखरू सोडून द्यायचे आणि पट्टी प्रयोगशाळेत पाठवायची. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीवरचे बीजाणू मोजता येतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हिवाळ्यातही प्रजनन करणाऱ्या मोनार्कमध्ये संसर्गाचे प्रमाण स्थलांतर करणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. २०१९ च्या एका अभ्यासात असेही दिसले, की या झाडाच्या सहवासाने स्थलांतराच्या काळातील मोनार्कमध्ये प्रजननाची तयारी सुरू होऊ शकते.

तेव्हापासून तेथील तज्ज्ञ स्थानिक जाती लावण्याचा आणि हळदीकुंकू असल्यास ते थंडीत जमिनीलगत छाटण्याचा सल्ला देतात. कॅलिफोर्नियातील काही परगण्यांनी २०२२ मध्ये त्याची विक्रीच थांबवली. याचा अर्थ सगळे खापर या झुडपावर फोडावे असा नाही. शेतांतून मिल्कवीड नाहीसे होणे हा फार मोठा घाव आहे. आणि हे झाड दुष्ट नाही. उष्ण प्रदेशात बारमाही हिरवे राहणे हा त्याचा स्वभावच आहे. जेथे हिवाळ्याने झाडे सुकणे हा व्यवस्थेचा भाग आहे, तेथे ते नेले म्हणून हा प्रश्न उद्भवला.

आपल्या वर्गासाठी

हा सल्ला जसाच्या तसा आपल्याकडे लागू करता येणार नाही. मोनार्कचा भाऊबंद बिबळ्या कडवा आपल्याकडे रुईवर वाढतो आणि रुई तर बाराही महिने हिरवी असते. हळदीकुंकवावरही त्याच्या अळ्या आढळतात. शाळेच्या आवारात किंवा वाटेवर ही दोन्ही झाडे असतील, तर मुलांनी वर्षभर दर आठवड्याला ठरावीक झाडांवरची अंडी, अळ्या व कोश मोजून तारखेसह वहीत लिहावेत, असे आम्ही सुचवतो. कोणत्या झाडावर जास्त, कोणत्या महिन्यात जास्त, पावसाळ्यात काय होते, हे वर्षअखेर आलेखावर मांडता येईल. काही न सापडलेल्या आठवड्याचे शून्यही लिहायला विसरू नये. चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने पाने तोडू नयेत आणि निरीक्षणानंतर हात साबणाने धुवावेत.

चास्काच्या मुलांनी चिठ्ठी लावली, तेव्हा ती कोणाला सापडेल हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी फक्त क्रमांक, जागा आणि तारीख नीट लिहून ठेवली होती.