एक पायजमा, अनेक ‘पजामाज’

सोलापूर हे कापडाचे शहर. १८७७ मध्ये येथे सुरू झालेली कापडगिरणी पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. येथील चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानी पडणाऱ्या या शहराला शब्दांची देवघेव नवी नाही. अशीच देवघेव कापडाच्या व्यापारातून भारतीय भाषा आणि इंग्रजी यांच्यातही झाली. गाठींबरोबर कापडांची व कपड्यांची नावे विलायतेस पोहोचली आणि तेथे त्यांचे व्याकरण बदलले. इंग्रजी शिकताना अडखळविणारे काही नियम या शब्दांवरून सहज ध्यानी येतात.

पायजमा

‘पाय’ आणि ‘जामा’ या फारसी शब्दांपासून हा शब्द झाला. मराठीत एक पायजमा, दोन पायजमे. इंग्रजीत मात्र दोन पायांत घालावयाचे वस्त्र अनेकवचनीच असते, जसे ‘ट्राउझर्स’. त्यामुळे तेथे एका पायजम्यालाही ‘पजामाज’ म्हणतात व क्रियापद ‘आर’ येते. नग मोजायचा तर ‘अ पेअर ऑफ’ जोडावे लागते. हाच शब्द दुसऱ्या नामाआधी विशेषणासारखा आला, की ‘एस’ गळतो. उदाहरणार्थ, ‘पजामा पार्टी’.

मुंबईतील डोंगरीच्या नावावरून जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ हे नाव पडले. कापड या अर्थी हा शब्द एकवचनी राहिला. त्या कापडाची विजार होताच ‘डंगरीज’ झाला.

छीट

येथे उलट घडले. रंगीत नक्षीच्या सुती कापडाला आपल्याकडे छीट किंवा चीट म्हणतात. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याला ‘एस’ लावून अनेकवचन केले. पुढे तो प्रत्यय आहे याचा विसर पडला आणि अनेकवचनच एकवचन समजले गेले. अखेरचा ‘एस’ जाऊन ‘झेड’ आला व ‘चिंट्झ’ हा शब्द स्थिरावला. भारतीय छापील कापडाने विलायती विणकरांचा धंदा बसू लागला, तेव्हा ब्रिटिश संसदेने १७०० व १७२१ मध्ये त्याविरुद्ध कायदे केले. कापडावर बंदी आली, शब्द टिकला.

मुंगूस

मराठी मुंगूस इंग्रजीत ‘माँगूस’ झाले. त्याच्या शेवटी ‘गूस’, म्हणजे हंसासारखा पक्षी, ऐकू येत असला तरी दोहोंचा काही संबंध नाही. म्हणून ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होत असले, तरी येथे ‘माँगूसेस’ हेच प्रमाण आहे. आतला स्वर बदलून अनेकवचन करण्याची रीत ‘फूट-फीट’, ‘टूथ-टीथ’ अशा मोजक्या जुन्या शब्दांपुरती उरली आहे. नव्याने आलेला शब्द सहसा चालू नियमाखाली येतो. ‘लूट’ हे क्रियापदही ‘शूट’प्रमाणे ‘शॉट’च्या वाटेने न जाता ‘लूटेड’ झाले.

परका शब्द ओळखीच्या ध्वनींत बसविण्याच्या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणतात. मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ ही हाक इंग्रज शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाली. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला हेच नाव दिले. शोला वनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून केलेली ‘सोला’ टोपी उन्हापासून रक्षण करते म्हणून ‘सोलर’ मानली गेली, तीही अशाच ओढीने.

परतीचा प्रवास

मराठीनेही हेच केले. इंग्रजीतील अनेकवचनी ‘पँटलून्स’ मराठीत एकवचनी, स्त्रीलिंगी ‘पाटलोण’ झाली. तिच्याच कुळातील ‘पँट’ही आपण ‘ही माझी पँट’ अशीच वापरतो. सोलापूरच्या बाजारपेठेत याची साक्ष रोज मिळते. फारसीतून आलेल्या ‘चादर’चे अनेकवचन ‘चादरी’ होते. इंग्रजीतून आलेला ‘टॉवेल’ मात्र ‘एक माग, दोन माग’ या चालीवर दोन्ही वचनांत तसाच राहतो.

शब्द पाहुणा असला, तरी त्याला यजमानाच्या घरची रीत पाळावी लागते. इंग्रजी लिहिताना शब्द मूळचा आपला असला, तरी त्याचे वचन इंग्रजी कोशात पाहूनच ठरवावे.