मथळ्याखालचे चित्र

कलाकृतीविरुद्धच्या लोकक्षोभाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन पदांभोवती फिरते : अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि भावना. या दोहोंची अडचण अशी की, त्यांत प्रत्यक्ष कलाकृतीला फारसे स्थानच उरत नाही. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या पानावर पाहिली, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. मकबूल फिदा हुसेन यांच्या सरस्वतीच्या रेखाचित्राचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. कारण त्यात चित्र होते तेच राहिले, बदलले ते वाचन.

हे रेखाचित्र १९७० नंतरच्या दशकातले. मोजक्या रेषा, हाती वीणा असलेली विवस्त्र आकृती. सुमारे दोन दशके त्याच्याविषयी कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये भोपाळहून निघणाऱ्या ‘विचार मीमांसा’ या हिंदी मासिकाने ते एका लेखासोबत छापले. हा चित्रकार आहे की खाटीक, असा प्रश्न त्या लेखाच्या शीर्षकातच होता. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राचे तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री प्रमोद नवलकर यांनी हे प्रकरण मुंबई पोलिसांकडे पाठविले आणि भारतीय दंडसंहितेच्या १५३-अ व २९५-अ या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. त्यानंतर काही दिवसांतच अहमदाबादच्या हुसेन-दोशी गुफेतील कलादालनावर हल्ला होऊन तेथील कलाकृतींची नासधूस करण्यात आली. हुसेन यांनी दिलगिरी व्यक्त केली. तिचा उपयोग झाला नाही.

याच १९९६ साली ज्ञानेश्वर नाडकर्णी यांचे हुसेनवरील इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी एकाच चित्रकाराची दोन वाचने झाली, आणि त्या दोन वाचकवर्गांची परस्परांशी गाठ पडली नाही. कलासमीक्षेने आपला वाचक गृहीत धरला होता. ज्यांनी चित्र प्रथमच पाहिले, त्यांना ते शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर म्हणूनच दिसले. मजकुराला चित्राची जोड असते असे आपण म्हणतो. येथे चित्र मजकुराचा पुरावा झाले होते. शिवाय त्याला आणखी एक मथळा होता, तो म्हणजे चित्रकाराचे नाव. हीच रेषा दुसऱ्या एखाद्या आडनावाखाली छापली गेली असती तर काय झाले असते, हा तर्काचा भाग. परंतु नावावरून हेतू ठरविण्याची ही रीत हुसेन यांच्या संदर्भात पुढे दहा-बारा वर्षे चालू राहिली, हे निश्चित. राममनोहर लोहियांच्या सूचनेवरून रामायणावर चित्रमालिका करणारा चित्रकार तोच होता, ही गोष्ट त्या वाचनात बसणारी नव्हती.

हुसेन यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला, तोही मला पुरेसा वाटत नाही. खजुराहो आणि कोणार्क यांचे दाखले देऊन नग्नता ही आपली परंपराच आहे, असे सांगितले गेले. ते असत्य नाही. पण मंदिराच्या भिंतीवरील शिल्प ही एका व्यक्तीची स्वाक्षरी असलेली निर्मिती नव्हे. तिला स्वतःची धार्मिक संदर्भचौकट आहे. ती चौकट काढून शिल्प पुराव्यादाखल पुढे करणे म्हणजे मासिकाने चित्राचे जे केले, तेच सद्हेतूने करणे होय. विरोधकांची परंपराही त्यांना वाटते तितकी जुनी नाही. भिंतीवर टांगलेली साडीतील सरस्वती घरोघर पोहोचली ती मुख्यतः शिळाछापातून. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलविलेल्या रविवर्म्याच्या छापखान्याचे त्यातील श्रेय मोठे. १९९६ मध्ये जी प्रतिमा दुखावली गेली, तिचे वय तेव्हा शंभराच्या आसपास होते. अर्थात, वयाने लहान असलेली श्रद्धा खोटी असते असे यातून मुळीच सिद्ध होत नाही.

कायद्याची अडचण निराळी आहे. १९२७ साली आलेल्या २९५-अ कलमाला (२०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या २९९व्या कलमाने घेतली आहे) बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट असा हेतू लागतो. साहित्यसमीक्षेने लेखकाचा हेतू हा अर्थाचा निकष म्हणून कधीच संशयास्पद ठरविला. न्यायालयाला मात्र तो शोधावाच लागतो. पण ज्या प्रकरणात अर्थ घडविला तो पुनर्मुद्रणाने, तेथे मूळ कर्त्याचा हेतू तपासून हाती काय लागणार?

‘भारतमाता’ म्हणून गाजलेल्या चित्राने हा प्रश्न अधिकच उघडा केला. दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार हे चित्र हुसेन यांनी २००४ मध्ये एका खाजगी संग्राहकाला विकले होते. २००६ मध्ये काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी झालेल्या लिलावाच्या जाहिरातीत ते ‘भारतमाता’ या नावाने झळकले. त्या लिलावाशी आपला संबंध नव्हता, असे हुसेन यांचे म्हणणे होते. यावरून देशात ठिकठिकाणी खटले दाखल झाले. त्यांत एक पंढरपूरचा होता. १९१५ साली हुसेन जन्मले ते याच गावी.

क्षोभ एकाच दिशेने आला असेही नाही. २००४ मध्ये ‘मीनाक्षी’ या त्यांच्या चित्रपटातील एका कव्वालीत कुराणातील शब्द आल्याचा आक्षेप मुस्लिम संघटनांनी घेतला आणि हुसेन यांनी चित्रपट चित्रगृहांतून काढून घेतला. तेथेही वाद संपूर्ण चित्रपटाविषयी नव्हता, संदर्भातून उचललेल्या काही शब्दांविषयीच होता.

८ मे २००८ रोजी न्या. संजय किशन कौल यांनी हे खटले रद्द केले. नव्वदीतल्या चित्रकाराने आपल्या घरी चित्रे रंगवीत असावे, अशा आशयाचे वाक्य त्या निकालाच्या अखेरीस आहे. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल बदलण्यास नकार दिला. मात्र त्या दोन निकालांच्या दरम्यान, ऑगस्ट २००८ मध्ये, दिल्लीत जो पहिला मोठा कलामेळा भरला, त्यात हुसेन यांचे एकही चित्र मांडू नये असे संयोजकांनी ठरविले होते. हुसेन २००६ पासून देशाबाहेर होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या रेषांवरून हे सारे सुरू झाले, त्यांविषयी कलासमीक्षेच्या भाषेत या पंधरा वर्षांत जे लिहिले गेले, ते मराठीत तरी न्यायालयीन वृत्तांतांच्या तुलनेने फारच थोडे आहे.