‘ऑन्डिना’ : मुलकी की आरमारी?

मुलकी आणि लष्करी ही शब्दांची जोडी आपण इतक्या सहजपणे योजतो, की त्यांमधील सीमारेषा वस्तुस्थितीतही तितकीच स्पष्ट असावी असे गृहीत धरले जाते. दुसऱ्या महायुद्धातील ‘ऑन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाचा वृत्तांत पाहिला असता हे गृहीत टिकत नाही; आणि या जहाजाच्या वाट्याला आलेल्या, किंवा न आलेल्या, श्रेयाचा वादही त्यातूनच उद्भवला आहे.

१९३९ साली ॲमस्टरडॅम येथे बांधलेले, सहा हजार टनांवरचे हे जहाज शेल समूहातील एका कंपनीच्या मालकीचे होते. १९४० मध्ये नेदरलँड्स जर्मनीच्या हाती गेल्यावर लंडनस्थित डच शासनाने आपली व्यापारी जहाजे युद्धकार्यार्थ ताब्यात घेतली. ऑन्डिनावर पुढे एक चार इंची तोफ बसविण्यात आली, तीही पिछाडीस. पाठलाग करणाऱ्या शत्रूवर मागे मारा करणे हे संरक्षण, पुढे तोंड असलेली तोफ हे आक्रमण, असा संकेत व्यापारी जहाजांबाबत रूढ होता. अधिकारी डच, खलाशी बहुतांशी चिनी आणि तोफेवर मात शिकविलेले गोलंदाज, अशी तिची मिश्र रचना होती.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे जाताना कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस तिला दोन जपानी जहाजांनी गाठले. सोबतीस रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’ ही लहानशी सुरुंगनाशक नौका होती. तिची मुख्य तोफ अवघी बारा पौंडी. समोरची ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ हीदेखील मूळची ओसाका येथील एका कंपनीची प्रवासी व मालवाहू जहाजे होती. पहिल्या नावाचा अर्थ राष्ट्रसेवा, दुसऱ्याचा देशप्रेम. म्हणजे चार नौकांपैकी युद्धासाठीच बांधलेली एकटी बेंगाल!

ऑन्डिनापाशी फक्त ३२ गोळे होते. चकमकीत एक गोळा होकोकू मारूच्या टॉर्पेडो-नळ्यांपाशी लागला, भीषण स्फोट झाला आणि ते जहाज बुडाले. गोळे संपल्यावर कप्तान विलेम होर्समन याने जहाज सोडण्याची आज्ञा दिली. त्याच सुमारास तो मारला गेला. आइकोकू मारूने ऑन्डिनावर टॉर्पेडो सोडले, होड्यांतील माणसांवर मशीनगन चालविल्या, आणि जहाज बुडणारच असे समजून ते निघून गेले. बेंगालनेही तसेच समजून ते बुडाल्याचे कळविले. परंतु तेलाच्या टाक्या रिकाम्या असल्यामुळे ते तरंगत राहिले. उरलेले खलाशी परत चढले, आग विझविली, आणि १८ नोव्हेंबरला फ्रीमँटल गाठले.

तो निर्णायक गोळा कोणाचा? आपल्याकडील नौदलविषयक लेखनात श्रेय सामान्यतः बेंगालला जाते. डच लेखक ते ऑन्डिनाला देतात. दोन्ही नौका एकाच लक्ष्यावर मारा करीत होत्या, त्यामुळे निखळ पुरावा दुर्मीळ. गोळ्याचे वजन आणि तोफेचा पल्ला पाहता माझा कल ऑन्डिनाकडे आहे. मात्र बेंगालने आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रूवर सरळ चाल केली, या धाडसाला त्याने उणेपणा येत नाही. आरमारी नौकेचा अहवाल आरमाराच्या दप्तरी आपोआप जातो. बुडाल्याची वार्ता आधीच पोहोचलेल्या तेलवाहू जहाजाची साक्ष मात्र मागून येते, आणि मागूनच वाचली जाते. येथे बेंगालच्या कथेसोबत ऑन्डिनाची कथा शिकविली गेली नाही, याचे हेही एक कारण असावे.

ऑन्डिना पुढे एक्समाउथच्या आखातात अमेरिकी पाणबुड्यांना इंधन पुरवीत राहिली, दुरुस्तीनंतर पुन्हा समुद्रावर गेली, आणि १९५९ साली मोडीत निघाली.