ठाण्याचा बाजार आणि रविवारची सुट्टी

ठाणे शहराचा जुना बाजार जांभळी नाक्याच्या परिसरात, मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वर मंदिर यांना लागून भरत आला असून, गोडे पाणी, देवालय आणि खाडीचा धक्का या तिन्ही गोष्टी पायी अंतरावर असल्यामुळे ही जागा बाजारासाठी स्वाभाविकच ठरली. श्रीस्थानक या नावाने हे नगर शिलाहारांची राजधानी होते आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने येथून परदेशी जाणाऱ्या कातड्याची व सुती कापडाची नोंद केली. पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार केला. मात्र जांभळी नाक्याचा बाजार हा रोजचा बाजार, म्हणजे मंडई. आठवडे बाजाराची जातकुळी वेगळी आहे.

आठवडे बाजार म्हणजे एका ठरलेल्या वारी भरून संध्याकाळी उठणारा बाजार. ज्या गावात रोज दुकान चालण्याइतके गिऱ्हाईक नसते तेथे व्यापारी फिरता राहतो, आणि त्याला एका आठवड्यात अनेक गावे करता यावीत म्हणून शेजारच्या गावांचे वार वेगवेगळे ठेवलेले असतात. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना सरकार कौल, म्हणजे सवलती व संरक्षण यांचे लेखी अभय, देत असे, आणि पेठेची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे सोपवली जाई. पुण्यात मलकापूरची रविवार पेठ झाली, वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली. वारांची ही नावे आजही टिकून आहेत. शहापूर-मुरबाडच्या बाजूस मोठी खरेदी यात्रेशीही जोडलेली राहिली, आणि पौष पौर्णिमेला म्हसा येथे भरणाऱ्या यात्रेतील गुरांचा बाजार हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या जुन्या व्यवस्थेत बाजाराचा वार व्यापाऱ्याच्या फेरीने ठरत होता, तर औद्योगिक शहरात तो कामगाराच्या सुट्टीने ठरू लागला. शहरी बाजाराच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा पालट असूनही त्याची दखल फारशी घेतली जात नाही. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली, आणि १८६३ मध्ये ठाण्यास नगरपालिका मिळाली. परंतु गिरणी कामगारास हक्काची साप्ताहिक सुट्टी मिळण्यास १८९० उजाडावे लागले. ती मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यातच झाला होता. सत्यशोधक चळवळीतील या नेत्याने १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले, रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा आधारही मागणीस दिला, आणि अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मुंबईच्या परिसरात कष्टकऱ्याला बाजारहाटासाठी दिवसाउजेडी मोकळा वेळ मिळू लागला तो या लढ्यामुळे, आणि म्हणून रविवारच्या बाजाराचा इतिहास लिहिताना लोखंडे यांचे नाव अग्रभागी असणे न्याय्य ठरेल.

पुढे वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहती आल्या, १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन होताना बाळकुम, ढोकाळी, कोलशेत यांसारखी खाडीलगतची गावे तिच्या हद्दीत आली, आणि भातशेती व मासेमारी यांवर जगणारे बाळकुम हळूहळू इमारतींनी वेढले गेले. ज्या शिवारात भाजी पिकावी तेथेच गिऱ्हाईक वस्तीला आले, आणि फळे-भाजीपाल्याचा मुंबईतील घाऊक व्यापार १९९६ मध्ये वाशीला हलल्यावर पिकवणारा आणि खाणारा यांच्यात अडत्यांची, म्हणजे दलाली घेऊन माल विकून देणाऱ्या मध्यस्थांची, साखळी पक्की झाली. फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून २०१६ मध्ये मुक्त झाल्यावर संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू झाले, आणि मुंबईत विधानभवनाच्या आवारातही रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरला. सहा दिवस लोकलने ये-जा करणाऱ्या ठाणे-डोंबिवलीतील नोकरदाराला असा बाजार सोयीचा आहे, यात शंका नाही.

जागेचा प्रश्न मात्र उरतोच. २०१४ चा पथविक्रेता कायदा परंपरेने भरत आलेल्या ‘नैसर्गिक बाजारा’स मान्यता देतो आणि असा बाजार पन्नास वर्षांहून जुना असल्यास त्यास वारसा बाजार मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे सांगतो, परंतु बाळकुमसारख्या नव्या वस्तीत आज सुरू होणाऱ्या रविवारच्या बाजाराला हे संरक्षण मिळण्यासाठी अर्धे शतक तग धरावा लागेल, आणि तोवर त्याची सारी भिस्त महापालिकेने मोकळे मैदान राखण्यावरच राहणार आहे.